अब्राहामाचा वारस कोण?

एका बापाचे दोन मुलगे. थोरला दासीच्या पोटचा, धाकटा लग्नाच्या बायकोचा. धाकट्याचं दूध तोडलं त्या दिवशी मोठी मेजवानी झाली आणि त्यानंतर लवकरच थोरल्याला त्याच्या आईसकट घराबाहेर काढलं गेलं. बरोबर थोडी भाकरी आणि पाण्याची पखाल. भाऊबंदकी मराठी माणसाला कुणी शिकवावी लागत नाही, त्यामुळे गोष्ट इथवर आली की आपण लगेच विचारतो, मग वतन कोणाकडे राहिलं?

अब्राहामाच्या घरातल्या या तंट्याकडे ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही शतकानुशतकं याच नजरेनं पाहत आले आहेत. देवानं अब्राहामाशी करार केला की तुझी संतती ताऱ्यांएवढी करीन आणि तुझ्यामुळे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वाद पावतील. तो करार पुढे कोणाकडे गेला? बायबल सारेचा मुलगा इसहाक याचं नाव घेतं. मुसलमान परंपरेत मानाची जागा हाजराच्या मुलाला, इस्माईलला मिळते. तोच पैगंबर मुहंमदांचा पूर्वज. बायबलमध्ये या मायलेकांची नावं हागार आणि इश्माएल अशी येतात. वडोदऱ्यात फतेगंजला चर्च आहे, मांडवीजवळ जुम्मा मशीद आहे, आणि दोन्हीकडची माणसं माझ्या जाण्यायेण्यातली आहेत. नाताळला आणि बकरी ईदला ही गोष्ट निघतेच, आणि निघते ती दिवाणी दाव्यासारखी. थोरला कोण, औरस कोण, कोणाचा कागद खरा आणि कोणी त्यात खाडाखोड केली.

माझं म्हणणं असं आहे की हा दावा मुळात उभाच राहत नाही. दोन्ही धर्मांच्या ग्रंथांनी तो स्वतःच निकालात काढला आहे. देवाचं वचन मुलग्यांच्या वंशातून आपोआप उतरत नाही, हे बायबलनं आणि कुराणानं जितक्या ठामपणे सांगितलं तितक्या ठामपणे त्यांच्या अनुयायांनी ते ऐकलं नाही. आणि आपण हिंदूंनी बाजूला बसून ही दुसऱ्याच्या घरची भांडणं म्हणून पाहण्याचंही कारण नाही. मुलग्याशिवाय वंश नाही, ही समजूत आपल्या घरातही तितकीच घट्ट बसलेली आहे.

आधी बायबल. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात इसहाकाच्या जन्माचं वचन मिळतं तेव्हा अब्राहामाचं वय 99 आणि इश्माएलचं 13. म्हातारपणी बायकोच्या पोटी मुलगा होणार हे ऐकल्यावर त्याच्या तोंडून मागणं निघतं ते थोरल्यासाठी. इश्माएल तुझ्यासमोर जगो, असं तो म्हणतो. देव उत्तर देतो की करार इसहाकाशी होईल, पण इश्माएलविषयीचं तुझं मागणंही मी ऐकलं आहे. त्याला आशीर्वाद आहे, त्याच्यापासून बारा सरदार होतील, त्याचं मोठं राष्ट्र होईल. आणि त्याच दिवशी कराराची खूण म्हणून ठरलेली सुंता होते ती अब्राहामाची आणि इश्माएलची. इसहाक अजून जन्मायचा आहे. ज्याला कराराबाहेरचा म्हणून हिणवलं गेलं, त्याच्या अंगावर कराराची खूण इसहाकाच्या आधी उमटली.

इसहाकाची निवड झाली हे बायबलमध्ये स्पष्ट आहे आणि ते झाकण्याची मला गरज वाटत नाही. पण ती निवड दासीपुत्र म्हणून इश्माएल कमी होता या कारणानं झाली, असं म्हणणाऱ्यांनी पुढचे अध्याय वाचावेत. इसहाकाचा मुलगा याकोब, त्याच्या बारा मुलांपैकी दान, नफताली, गाद आणि आशेर हे चौघे बिल्हा आणि जिल्पा या दासींच्या पोटचे. इस्राएलच्या बारा वंशांत त्या चौघांची गणना बरोबरीनं होते. दासीचा मुलगा म्हणून कुणाला वारसा नाकारायचा, तर इस्राएलचा तिसरा हिस्सा बाहेर काढावा लागेल.

त्या काळच्या रिवाजातही दासीपुत्राला वाट होती. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या हम्मुराबीच्या कायद्यात लिहिलं आहे की बापानं हयातीत दासीच्या मुलांना 'माझी मुलं' म्हटलं असेल तर ती बापाच्या मालमत्तेत बायकोच्या मुलांच्या बरोबरीची वाटेकरी. म्हटलं नसेल तर वाटा नाही, पण आई आणि मुलं गुलामीतून मोकळी. हागार आणि इश्माएल यांच्या वाट्याला दुसरी गोष्ट आली. याउलट थोरलेपणाच्या जोरावर जे इश्माएलचा हक्क मांडतात, त्यांचीही बाजू बायबलच्या आधारानं टिकत नाही. अनुवाद या पुस्तकातला नियम नावडत्या बायकोच्या थोरल्या मुलाला दुप्पट वाटा देतो खरा, पण गोष्टी मात्र पावलोपावली थोरल्याला मागे टाकतात. इसहाकाचा थोरला एसाव मागे पडतो, याकोबाचा थोरला रऊबेन मागे पडतो, इशायाचे सात मुलगे शमुवेल संदेष्ट्यापुढून जातात आणि अभिषेक होतो तो मेंढरं राखायला गेलेल्या आठव्याला, दाविदाला. औरसपणाचा नियम लावा की थोरलेपणाचा, हा ग्रंथ एकही नियम शेवटपर्यंत चालू देत नाही.

येशूच्या काळापर्यंत आपण अब्राहामाची लेकरं आहोत हे पुष्कळांना पुरेसं वाटू लागलं होतं. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनच्या काठी उभा राहून त्यांना सुनावतो की असं मनात आणू नका, देव या दगडांपासूनही अब्राहामाला मुलं उत्पन्न करू शकतो. मला हे वाक्य नव्या करारातल्या सगळ्यात धारदार वाक्यांपैकी एक वाटतं. वंशाच्या अभिमानाला दगडाशेजारी आणून बसवलं आहे.

मग येशूचा प्रेषित पौल. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो हागार आणि सारा यांचं रूपक करतो. हागार म्हणजे दास्य, सारा म्हणजे स्वातंत्र्य, आणि 'दासीला व तिच्या मुलाला घालवून दे' हे वचनही तो उद्धृत करतो. पुढच्या काळात हा उतारा मुसलमानांच्या तोंडावर फेकला गेला आणि आजही फेकला जातो. हा त्या पत्रावर अन्याय आहे. पौलानं ते लिहिलं पहिल्या शतकाच्या मध्याला, पैगंबरांच्या जन्माच्या पाच शतकांपूर्वी. त्याचं भांडण यहुदी नसलेल्या ख्रिस्ती माणसांना सुंता करायला लावणाऱ्या ख्रिस्ती प्रचारकांशी होतं. ज्यांना आपल्या रक्ताचा भरवसा होता, त्यांनाच तो उलट हागारेच्या बाजूला बसवतो. याच पत्रात जरा आधी त्यानं लिहिलेलं असतं की यहुदी व हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद उरला नाही आणि तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाचे संतान आहात, वचनाप्रमाणे वारस आहात. या वाक्यानंतर रक्ताचा दाखला कुठे मागायचा? तरीही मला वाटतं की पौलानं एका खऱ्या बाईला, पोटच्या पोराला झुडपाखाली टाकून धाय मोकलून रडलेल्या आईला, दास्याची खूण करायला नको होतं. रूपकं वापरून सोडून देता येत नाहीत. पुढची माणसं ती उचलून दगडासारखी मारतात.

आता कुराण. दुसऱ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, 124व्या आयतीत अल्लाह इब्राहिमला, म्हणजे अब्राहामाला, सांगतो की मी तुला लोकांचा इमाम करणार आहे. इब्राहिम बापाच्या जातीला धरून लगेच विचारतो, आणि माझ्या संततीतून? उत्तर येतं की माझं वचन जुलमी लोकांना पोचत नाही. सगळा वाद इथेच संपायला हवा होता. इसहाक नाही, इस्माईलही नाही. कोणाच्या पोटी आलात याला उत्तरात जागाच दिलेली नाही. अकराव्या सूरेत नूहचा मुलगा पुरात बुडतो, तेव्हा बाप म्हणतो, तो माझ्या घरचा आहे. त्याला सांगितलं जातं की तो तुझ्या घरचा नाही, त्याचं वागणं नीट नाही. आणि तिसऱ्या सूरेत इब्राहिमच्या सगळ्यात जवळचं कोण याचं उत्तर आहे: जे त्याच्या मागून चालले ते, हा पैगंबर आणि श्रद्धा ठेवणारे. म्हणून इंडोनेशियातल्या शेतकऱ्याला किंवा आमच्या भरूचकडच्या विणकराला इब्राहिमचं म्हणवून घ्यायला अरबी रक्ताचा थेंबही लागत नाही.

बळी द्यायला नेलेला मुलगा कोणता, या प्रश्नावर तर सगळ्यात जास्त हमरीतुमरी होते. बायबलमध्ये इसहाकाचं नाव स्पष्ट आहे. कुराणाच्या सदतिसाव्या सूरेत मुलाचं नावच नाही. बाप स्वप्न सांगतो आणि मुलाला विचारतो, तुला काय वाटतं? मुलगा म्हणतो, तुम्हाला जी आज्ञा झाली ते करा. ही विचारणा मला फार मोलाची वाटते, कारण बायबलच्या गोष्टीत मुलाचा होकार कोणी विचारत नाही. आज बहुतेक मुसलमान तो मुलगा इस्माईल मानतात, आणि त्याला आधारही आहे, कारण त्या प्रसंगानंतर इसहाकाच्या जन्माची शुभवार्ता येते. पण सुरुवातीच्या भाष्यकारांत यावर दोन मतं होती. 923 साली वारलेल्या तबरीसारख्या थोर भाष्यकारानं सगळी मतं नोंदवून कौल इसहाकाला दिला. 1373 साली वारलेल्या इब्न कसीरनं जोर देऊन इस्माईल म्हटलं. तबरीचा कौल चुकीचा मानणाऱ्यांनीही त्याचं भाष्य फेकून दिलं नाही, आजही ते मानानं वाचलं जातं. म्हणजे श्रद्धा या उत्तरावर टांगलेली नव्हती.

या सगळ्यात एक गोष्ट इतकी उघड आहे की ती दिसेनाशी होते. येशूला मूलबाळ नव्हतं. पैगंबर मुहंमदांचे मुलगे, कासिम, अब्दुल्लाह आणि इब्राहिम, लहानपणीच गेले. जगातले दोन सगळ्यात मोठे धर्म ज्यांच्या नावानं चालतात, त्या दोघांच्याही मागे मुलगा नाही. मक्केतल्या विरोधकांनी पैगंबरांना यावरूनच हिणवलं, शेंडा खुडलेला म्हटलं. 108वी सूरा, कुराणातली सगळ्यात छोटी, त्याला उत्तर म्हणून उतरली असं परंपरा सांगते. तुला आम्ही विपुल दिलं आहे आणि तुझा द्वेष करणाराच शेंडा खुडलेला आहे. आणि तेहतिसाव्या सूरेत सरळच म्हटलं आहे की मुहंमद तुमच्यातल्या कुठल्याही पुरुषाचे बाप नाहीत, ते अल्लाहचे प्रेषित आहेत.

मला 108वी सूरा वाचताना आमच्या दांडिया बाजारातल्या घरातली वंशावळ आठवते. आमचे लोक सातारकडून गायकवाडांच्या चाकरीत इकडे आले. वंशावळ जाड कागदावर बोरूनं लिहिलेली, काचेच्या चौकटीत, देवघराच्या दारावर. मूळ पुरुषापासून फांद्या निघतात, आणि प्रत्येक फांदीवर नावं पुरुषांची. खापरपणजोबांच्या एका भावाच्या नावाखाली लाल शाईत एकच शब्द आहे, निर्वंश. त्यांना तीन मुली होत्या. तिघींची लग्नं झाली, तिघींना मुलंबाळं झाली, त्यांतल्या एकीच्या हातची पुरणपोळी माझ्या आजीनं खाल्लेली. मक्केतल्या त्या विरोधकांनी जे म्हटलं तेच आम्ही लाल शाईत लिहून देवघरावर टांगलं.

आणि हे वडोदऱ्यात, ज्या शहराचं भाग्य औरस मुलाच्या हातून घडलंच नाही! महाराज खंडेराव गायकवाड 1870 च्या नोव्हेंबरात वारले तेव्हा त्यांच्या राणी जमनाबाईंना दिवस गेलेले होते. मुलगा झाला असता तर गादी त्याची. 1871 साली मुलगी झाली आणि पादरा गावातल्या कैदेतून बाहेर काढलेले खंडेरावांचे भाऊ मल्हारराव गादीवर कायम झाले. चार वर्षांत कारभाराची वाट लागली, रेसिडेंटवर, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीवर, विषप्रयोगाचा खटला झाला, आणि 1875 च्या एप्रिलात इंग्रजांनी जाहीरनामा काढून मल्हाररावांना आणि त्यांच्या संततीलाही गादीच्या सगळ्या हक्कांतून कायमचं वगळलं. मग जमनाबाईंनी दत्तक घ्यायचं ठरवलं. झाशीचं दत्तकविधान धुडकावून इंग्रजांनी काय ओढवून घेतलं होतं ते ताजं होतं, संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळालेल्या होत्या. मालेगावजवळच्या कवळाण्याहून गायकवाडांच्या भाऊबंदांतली मुलं आणली गेली आणि 27 मे 1875 रोजी बारा वर्षांचा गोपाळराव सयाजीराव झाला. अक्षरओळख नसलेल्या या शेतकऱ्याच्या पोरानं 1906 साली सगळ्या राज्यात मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि 1933 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत भाषण केलं. त्यांनी वडोदऱ्याच्या कॉलेजात तौलनिक धर्माभ्यासासाठी प्राध्यापक नेमला होता, तो मला त्यांच्या सगळ्या कामांत दूरदृष्टीचा वाटतो. इसहाक आणि इस्माईल यांच्यावर शांतपणे बोलण्याची जागा या शहरात शंभर वर्षांपूर्वी तयार झाली होती.

दत्तकाचा हा धागा बायबल आणि कुराण यांच्यात मोठा फरक दाखवतो आणि तो फरक चुकीचा समजला जातो. पौल ज्या रोमन जगात वाढला तिथे ऑगस्टस हा ज्युलियस सीझरचा दत्तक वारस होता आणि टायबेरियस ऑगस्टसचा. त्यामुळे देवानं आपल्याला दत्तक घेतलं, आता आपण वारस, हे पौलाच्या वाचकांना चटकन पटणारं होतं. आमच्या कवळाण्याच्या गोष्टीपेक्षा पौल कितीतरी पुढे जातो. जमनाबाईंनी मुलगा शोधला तो गायकवाडांच्याच रक्तात. पौलाचा देव भाऊबंद पाहत नाही. इस्लाम याच्या उलट वाटेनं गेला. झैद हा पैगंबरांचा मानलेला मुलगा, लोक त्याला मुहंमदांचा मुलगा म्हणत. तेहतिसाव्या सूरेनं सांगितलं की मानलेली मुलं ही तोंडची गोष्ट, त्यांना त्यांच्या बापाच्या नावानं हाक मारा. झैद पुन्हा हारिसाचा मुलगा झाला. यावरून मुसलमान रक्ताला फार मानतात असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी तेच कुराण रक्ताला धर्माच्या वारशात किती किंमत देतं ते पाहावं. जन्माची नोंद खरी ठेवायची आणि देवाच्या जवळिकीचा त्या नोंदीशी संबंध तोडायचा, अशी ती वाट आहे. अनाथाला वाढवणं हे तिथे मोठं पुण्य, आणि पैगंबर स्वतः पोरके वाढलेले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली निवाडा दिला की कोणत्याही धर्माच्या माणसाला बालन्याय कायद्याखाली मूल दत्तक घेता येईल, ज्याला आपल्या धर्माच्या नियमानं राहायचं त्याच्यावर सक्ती नाही. मला तो योग्य तोल वाटतो.

शिया परंपरेपाशी मला थांबावं लागतं. पैगंबरांच्या घराण्यातच इमामत, म्हणजे धर्माचं नेतृत्व, राहते ही तिथली मूळ श्रद्धा आहे आणि ती बहुतेक बापाकडून मुलाकडेच गेली. वडोदऱ्यात अलवी बोहरांची गादी आहे, त्यांचाही उगम याच परंपरेतला. पण तिथेही नुसतं थोरला मुलगा असणं पुरत नाही. आधीच्यानं पुढच्याची उघड नेमणूक करावी लागते, तिला नस्स म्हणतात. 'माझं वचन जुलमी लोकांना पोचत नाही' या आयतीवरूनच शिया विद्वान इमाम निष्पाप असला पाहिजे असं मांडतात. आणि हे सगळं घराणं मुलीकडून, फातिमेकडून आलेलं आहे. हसन आणि हुसैन हे मुलीचे मुलगे, त्यांना पैगंबरांचे वंशज कसं म्हणता, असं इराकचा सुभेदार हज्जाज यानं विचारल्याची हकीकत सांगतात. त्याला उत्तर मिळालं की कुराणाच्या सहाव्या सूरेत ईसाचं, म्हणजे येशूचं, नाव वंशजांत आलं आहे आणि ईसाला तर बापच नव्हता. तो आईकडूनच वंशज झाला ना?

ग्रंथ असे आणि माणसं अशी. खलिफा पैगंबरांच्या कुरैश कुळातलाच हवा हा आग्रह शतकानुशतकं चालला. आपल्या देशात अशराफ म्हणजे वरचे आणि अजलाफ म्हणजे खालचे, सैयद आणि पिंजारी, असे थर मुसलमान समाजात झाले आणि लग्नाच्या बोलणीत ते आजही निघतात. ख्रिस्ती समाजात काय वेगळं आहे? तमिळनाडूत काही गावांत दलित ख्रिस्त्यांची कबरस्तानं निराळी राहिली. आमच्या गुजरातेत कित्येक कुटुंबांनी जातीचं आडनाव टाकून क्रिश्चन हेच आडनाव घेतलं. फतेगंजच्या गल्ल्यांत दारावर अशा पाट्या दिसतात. गलतीकरांच्या पत्रावरचं यापेक्षा चांगलं भाष्य मी वाचलेलं नाही. त्या आडनावाच्या माणसाला 'पण मूळचे कोण?' असं विचारणारे दारावरची पाटी वाचतात आणि तरीही विचारतात.

मात्र ज्यांना या साऱ्या वादात कोणी वारसदार म्हणून मोजलंच नाही, त्या म्हणजे मुली. इसहाक की इस्माईल, हा प्रश्न विचारतानाच आपण गृहीत धरतो की उत्तर मुलगाच असणार. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात गर्भार हागार घरातून पळाली असताना वाळवंटातल्या झऱ्यापाशी देवाचा दूत तिला सांगतो की मी तुझी संतती मोजता येणार नाही इतकी वाढवीन. जे वचन अब्राहामाला मिळालं त्याच तोडीचं वचन एका परदेशी दासीला थेट मिळालं. आणि हजला गेलेला प्रत्येक माणूस, राजा असो की रिक्षावाला, सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो तो तिच्या पावलांवर, पाण्यासाठी केलेल्या तिच्या धावपळीची आठवण म्हणून. कुराणात मरियमची, म्हणजे येशूच्या आईची, आईही पोटातलं मूल देवाच्या सेवेला वाहते आणि मुलगी झाली म्हणून चरकते. देव तीच मुलगी स्वीकारतो. बायबलमधल्या मत्तयाच्या वंशावळीत बापामागून बाप येतात आणि शेवटी ती योसेफापाशी पोचते, ज्याच्यापासून येशू जन्मलेलाच नाही. सगळी साखळी जाऊन थांबते मरियेपाशी.

हे सगळं वाचणाऱ्या घरांत मालमत्तेचं काय होतं? गुजरातेत शेतकरी वारला की तलाठ्याकडून पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, निघतो. त्यात मुलींची नावं असतात, कायद्यानं असावीच लागतात. आमच्या देवघरावरच्या वंशावळीत नसलेल्या आत्यांची नावं मी पहिल्यांदा अशा पेढीनाम्यावर पाहिली. पादरा तालुक्यातली थोडी जमीन होती. मग 'हक्क कमी' करायला, म्हणजे आपला वाटा सोडल्याची नोंद करायला, दोन्ही आत्यांना कचेरीत नेलं. बाकावर बसायला जागा नव्हती, धाकटी आत्या भिंतीला टेकून उभी. काका म्हणाले, "ताई, नुसती सही आहे, काही वाचायचं नाही त्यात." थोरल्या आत्यानं विचारलं, "जमिनीचा भाव काय चाललाय रे हल्ली?" कोणी उत्तर दिलं नाही. दोघींनी सह्या केल्या, घरी आल्यावर दोघींना साड्या मिळाल्या. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क 2005 सालीच मिळालेला होता आणि हे त्यानंतरचं.

माझ्या ख्रिस्ती आणि मुसलमान मैत्रिणींच्या घरी वेगळं घडलेलं नाही. ख्रिस्ती मुलीला 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानं बरोबरीचा वाटा आहे. त्रावणकोरच्या 1916 च्या कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी ते मिळे. मेरी रॉय यांनी न्यायालयात जाऊन 1986 साली त्याचा अंमल संपवला. मुसलमान मुलीचा वाटा कुराणाच्या चौथ्या सूरेत मुलाच्या निम्मा आहे. तो बरोबरीचा असावा असं माझं मत आहे. पण त्याच सूरेतली सातवी आयत म्हणते की आईबापांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांना वाटा आहे आणि स्त्रियांनाही वाटा आहे, थोडं असो की फार, हा ठरवून दिलेला वाटा आहे. ज्या घरात इस्माईलच्या हक्कासाठी तावातावानं बोललं जातं, त्या घरात बहिणीचा तो निम्मा वाटाही पुष्कळदा पोचत नाही.

गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप मुलगा नसताना मेला, म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसावं, आम्हाला वाटा द्या, असं त्या सगळ्या मंडळीसमोर म्हणतात. मोशेला निकाल देता येत नाही, तो प्रश्न देवापुढे नेतो. देव म्हणतो, त्या बरोबर बोलतात, आणि नियम बदलतो. पुढे छत्तिसाव्या अध्यायात कुळातले पुरुष येऊन अट घालून घेतात की या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावं. तेवढं सोडा, पण पाच बहिणींनी उभं राहून मागितलं आणि कायदा बदलला हे ग्रंथात लिहिलेलं आहे. फतेगंजच्या चर्चमध्ये या अध्यायावर प्रवचन व्हावं, मांडवीच्या मशिदीत शुक्रवारी चौथ्या सूरेच्या सातव्या आयतीवर बोललं जावं, आणि आमच्याकडे बाराव्या-तेराव्याला जमलेल्या भाऊबंदांसमोर भटजींनी 2005 चा कायदा सांगावा. सरकारला करण्याजोगं तर अगदी सोपं आहे. हक्क कमीच्या अर्जावर सही घेण्याआधी प्रत्येक बहिणीला भावांच्या गैरहजेरीत आत बोलवायचं, तिचा वाटा किती आणि त्याची आजची किंमत किती हे सांगायचं, आणि तिनं ते ऐकल्याची वेगळी नोंद करायची.